आधी काय झालं

मेंढी तासभर कण्हत होती. थोरलीने हाताला कोपरापर्यंत तेल लावलं, बोटं जुळवून आत घातली. पुढचे दोन पाय लागले, त्यांच्यावर टेकलेलं नाक लागलं. कोकरू सरळ होतं. कळ येईपर्यंत ती थांबली आणि कळेबरोबर खाली ओढलं. पिवळ्या बुळबुळीत पाण्यासकट ते पेंढ्यावर घसरून आलं. हललं नाही.

तिने दोन बोटांनी त्याच्या तोंडातला चिकटा काढला, नाक पिळून साफ केलं.

"धर," ती म्हणाली.

तिच्या धाकट्या भावाने कोकराचे मागचे पाय एका मुठीत धरले, पाय फाकवून उभा राहिला आणि ते झुलवलं. एकदा, दोनदा. नाकातून पाण्याची तार उडून थोरलीच्या गालावर आली. कोकरू खोकलं.

"बस. तिसरा झोका देऊ नकोस."

"माहीत आहे गं ताई. किती वर्षं सांगणार आहेस?"

तिनेच त्याला हे शिकवलं होतं, तो बारा वर्षांचा असताना. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न मोडून माहेरी परत आली, त्याच वर्षी वडील गेले. तेव्हापासून मेंढ्यांची प्रत्येक वीण या दोघांनी काढली होती. आई होती, पण आईच्या डोळ्यांत फूल पडलेलं. ती घरात बसून हुकूम सोडायची.

यंदाची वीण वाईट होती. गंजीतला चारा बुरसला होता आणि ते कळेपर्यंत गाभण मेंढ्यांनी तो खाल्ला होता. सत्तावीस मेंढ्या व्यायल्या, अकरा कोकरं मेली. काही अशी आली की हातात धरल्यावर कातडी सरकायची. गोठ्याच्या कोपऱ्यात झाकणाचं पिंप होतं. धाकटा रोज सकाळी ते खड्ड्यावर रिकामं करायचा आणि परत आला की त्याच्या सदऱ्याला तो वास असायचा. तो सदरा बदलत नसे. तसाच घरात जायचा, तसाच जेवायला बसायचा.

अंगणापलीकडच्या घरातून रडणं सुरू झालं. चार वाजले होते.

धाकट्याने मान वर केली नाही. त्याच्या जबड्याचं हाड फक्त एकदा हललं. "लागली भोंगा वाजवायला," तो म्हणाला.

धाकट्याची मुलगी चिमी सात आठवड्यांची होती. पहिले तीन आठवडे ती नुसती झोपली. मग रोज दुपारी चारच्या सुमाराला तिचं रडणं सुरू व्हायचं आणि दिवेलागणीपर्यंत चालायचं. पोट भरलेलं, दुपटं कोरडं, ताप नाही, तरी रडायची. चेहरा लाल व्हायचा, पाय पोटाशी यायचे, मुठी आवळायच्या. तिची आई तिला खांद्यावर घेऊन भिंतीपासून भिंतीपर्यंत चालायची. बाळंतपणाचे टाके अजून ओढत होते, म्हणून एक पाय घासत.

"दूध पातळ आहे हिचं," सासू खाटेवरून म्हणायची. "माझी पोरं कधी रडली नाहीत."

"मग धाकटा कुणाचा?" थोरली म्हणायची. "सहा महिने मी खांद्यावर वागवलाय त्याला."

तेवढ्यावर सून हसायची. तेवढंच.

दहा-बारा दिवसांपूर्वी थोरली चिमीला पुसायला बसली होती. झबलं वर केलं तर बरगड्यांवर डाव्या बाजूला चार निळसर ठिपके होते, ओळीने. उजव्या बाजूला एक, जरा मोठा. ती बघत राहिली. मेंढी कातरायला पकडली की लोकरीत बोटांच्या अशाच जागा उमटतात. तिने आपली बोटं त्यावर ठेवून पाहिली. ठिपक्यांमधलं अंतर तिच्या बोटांपेक्षा जास्त होतं.

"मालिश करताना लागलं असेल," आई तिकडून म्हणाली. तिला काय चाललंय ते दिसत नव्हतं. कुणी तिला काही विचारलंही नव्हतं.

सून दारात उभी होती. थोरलीने झबलं खाली ओढलं.

त्यानंतर दोन दिवस चिमी दूध ओकत होती आणि फार झोपत होती. सगळ्यांना बरंच वाटलं. पोर गुणाची झाली, असं आई म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी चार वाजता लोकर कातरणारा आलेला होता. वर्षातून दोनदा तो आपली व्हॅन घेऊन यायचा, कात्र्या परजायचा, आठ दिवस राहायचा आणि गावभरच्या बातम्या वाटून जायचा. तो अंगणात दगडावर पातं घासत बसला होता.

"ताई, यंदा कोकरांपेक्षा पिंपच जास्त भरलंय म्हणे."

"तुझ्या तोंडाला लोकर लावून शिवायला पाहिजे," थोरली म्हणाली. एका अशक्त कोकराला बाटलीने पाजायचं होतं. कोमट पाणी आणायला ती घराकडे निघाली.

सून मागे नळावर दुपटी धूत होती. नळाच्या आवाजाच्या वरून चिमीचं रडणं येत होतं. धाकटा घरात होता. दुपारी तो तासभर पडायचा. थोरली दारापर्यंत आली आणि तिला तो दिसला, पाठमोरा नाही, बाजूने.

त्याने चिमीला काखांत धरून समोर उचललं होतं. मोठी बोटं पाठीवर, अंगठे छातीवर. आणि तो तिला हलवत होता. झोका नव्हता तो. पोतं झटकतात तसं. "गप्प," तो म्हणत होता, ओरडून नव्हे, दात दाबून, "गप्प, गप्प, गप्प." प्रत्येक शब्दाला चिमीचं डोकं मागे जायचं आणि हनुवटी छातीवर आपटायची. डोकं आणि धड वेगवेगळी असल्यासारखी. हे किती वेळ चाललं? थोरलीने पुढे तो हिशेब अनेकदा केला. पाच-सहा सेकंद असतील. सदऱ्याच्या बाहीत त्याच्या दंडाचा स्नायू फुगत होता.

मग रडणं थांबलं. संपत आलं नाही, मध्येच तुटलं.

धाकट्याने बाळाकडे पाहिलं. चिमीचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. तो एक क्षण तसाच उभा राहिला. मग त्याच्या हातांनी त्यांना येत होतं ते केलं. त्याने चिमीचे दोन्ही पाय एका मुठीत धरले, तिला उलटी केली आणि झुलवलं. एकदा. दोनदा.

रडणं एकदम तुटलेलं ऐकून थोरलीच्या मागून कातरणारा धावत आला होता. "अरे काय झालं? काय झालं?"

चिमीने खर्रकन श्वास घेतला. एक बारीक आवाज काढला, मांजराच्या पिल्लासारखा.

"श्वास थांबला होता," धाकटा म्हणाला. त्याने थोरलीकडे पाहिलं आणि तिथेच नजर ठेवली. "रडता रडता श्वास थांबला होता."

"वाचवलंस रे!" कातरणारा ओरडला. "डोळ्यादेखत वाचवलंस! कोकरासारखं!"

सून ओल्या हातांनी आत आली. तिने चिमीला घेतलं, छातीशी लावलं आणि खाली बसली. कातरणाऱ्याने तिला सगळं सांगितलं. मग नळावर आलेल्या शेजारणीला, मग पलीकडच्या गोठ्यातल्या दोघांना. अर्ध्या तासात अंगणात सात-आठ माणसं होती. कुणीतरी चहा टाकला. आईने धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मेंढरांत वाढलेला हात आहे," आई म्हणाली. "शिकलेल्यांना जमलं नसतं."

धाकटा आधी गप्प होता. दुसऱ्या कपाला तो बोलू लागला. "निळी पडली होती हो. मी म्हटलं, गेली. मग म्हटलं, कोकरू वाचतं तर ही का नाही वाचणार?" त्याने मूठ धरून दाखवली. सांगताना त्याच्या मिशीला चहाचा थेंब लागला होता आणि तो जिभेने त्याने टिपला. थोरलीच्या तोंडात चव आली, आंबट, ओल्या पेंढ्यासारखी. या माणसाचं नाक तिने पदराने पुसलं होतं, त्याच्या उवा काढल्या होत्या. आता तो कप ठेवायला वाकला आणि त्याचा हात तिच्या गुडघ्याला लागला, तर तिने गुडघा मागे घेतला.

ती आत गेली. सून चिमीला पाजायला बघत होती. स्तनाग्र तोंडात जात होतं आणि दूध ओठांच्या कडेने बाहेर येत होतं.

"थकलीय," सून म्हणाली.

थोरलीने हात धुतले आणि करंगळी चिमीच्या तोंडात घातली. कोकरांना ती रोज असंच बघत असे. झोक्याने शुद्धीवर आलेलं कोकरू थरथरतं, पण बोट दिलं की तासाभरात ओढायला लागतं. न ओढणारं कोकरू दुसऱ्या दिवशी पिंपात असतं. चिमीची जीभ बोटाखाली नुसती पडून होती. थोरलीने टाळूवर हात ठेवला. तिथे मऊ खळगा असायचा. आता कातडी तटतटून वर आली होती.

चिमीचा एक डोळा अर्धा उघडा होता आणि दुसरीकडे बघत होता.

"उठ," थोरली म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

"आता बरी आहे ना ताई? तेच म्हणाले..."

"उठ म्हणते ना!"

धाकटा दारात आला. "झोपू दे तिला. उगाच कशाला? तिथे सुया टोचतील."

थोरली त्याला ओलांडून बाहेर गेली आणि कातरणाऱ्याला म्हणाली, "व्हॅन काढ."

*

दवाखान्याच्या बालविभागात भिंती हिरव्या होत्या आणि फरशीला औषधाचा व ओकारीचा मिसळलेला वास होता. तपासायला एक बाई डॉक्टर होत्या, तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. वाटेतच चिमीला आकडी आली होती. डॉक्टरांनी तिला आत नेलं, नळ्या लावल्या, डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. दीड तासाने त्या बाहेर आल्या आणि वही घेऊन बसल्या.

"आधी काय झालं? अगदी पहिल्यापासून सांगा."

"आधी श्वास थांबला," धाकटा म्हणाला. "मग मी उलटी धरून झोका दिला. मग श्वास आला. आमच्याकडे कोकरांना देतात."

"मी पाहिलं," कातरणारा म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी. नसता दिला तर पोर गेलीच होती."

"श्वास थांबण्याआधी तुम्ही तिथे होतात?"

"नाही, मी... मी नंतर आलो. झोका दिला तेव्हा."

"आणि तुम्ही?" डॉक्टरांनी थोरलीला विचारलं.

थोरलीने धाकट्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत लोकरीचं तेल होतं. "मी पाणी आणायला आले होते," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. तिला स्वतःचीच किळस आली.

डॉक्टरांनी वही बंद केली नाही. "कोकरू तासाभरात आपल्या पायांवर उभं राहतं," त्या म्हणाल्या. "मान ताठ धरतं. हिला मान सावरायला अजून दोन महिने लागतील. अंगाच्या मानाने डोकं जड असतं, आत मेंदू मऊ असतो. जोरात पुढे-मागे हलवलं की मेंदू कवटीत आपटतो, वरच्या बारीक शिरा तुटतात. बाहेर खरचटलेलंही नसतं. हिच्या मेंदूवर रक्त साचलंय. डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत, मोजता येणार नाहीत इतके. उलटी धरून झुलवणंही चुकीचंच. पण आणखी एक आहे. आतलं सगळं रक्त आजचं नाही. काही जुनं आहे, दहा-बारा दिवसांचं तरी. आणि डाव्या दोन बरगड्या मोडून जुळत आल्यात. ते आजच्या झोक्याने झालेलं नाही."

आत कुठेतरी एक यंत्र ठरावीक अंतराने टकटक वाजत होतं.

"तेव्हा काय झालं होतं?"

धाकट्याने ओठ ओले केले. मग तो हळू आवाजात बोलला, एखाद्या आजाऱ्याविषयी बोलावं तसा. "मालिश हीच करते. हिचा हात जड आहे. मी म्हणायचो, जरा हळू. पण पहिलटकरीण, रात्रंदिवसाचं जागरण... हिची चूक नाही तशी."

सून त्याच्या शेजारी उभी होती. पाजण्याची वेळ टळून गेली होती, तिच्या ब्लाउजवर दोन ओली वर्तुळं पसरली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी आता तिच्याकडे वळून वहीत काहीतरी लिहायला घेतलं.

"नाही," थोरली म्हणाली.

"काय नाही?"

"तिने नाही. यानेच. मी दारात होते." तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "तुम्ही क्रम विचारला होता. आधी ती रडत होती. मग याने काखांत धरून हलवली. गप्प, गप्प म्हणत. मग रडणं थांबलं. मग श्वास थांबला. मग उलटी धरली. झोका सगळ्यांत शेवटी."

कातरणारा हळूच मागे सरकला आणि भिंतीला टेकला.

"ताई," धाकटा म्हणाला. "तूच शिकवलंस मला."

"हे नाही शिकवलं."

"दोन आठवडे झोप नाही. अकरा कोकरं मेली. वर हे रोजचं..." त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. "एकदा हात सुटला माणसाचा, तर तू—"

"दोनदा," थोरली म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्या वेळेचंही तुम्हाला माहीत होतं?"

थोरलीने उत्तर देण्याआधी सून बोलली. दवाखान्यात आल्यापासून ती पहिल्यांदा बोलत होती. "ताईंनी ठिपके पाहिले होते," ती म्हणाली. "बोटं ठेवून मोजले होते. मी दारातून बघत होते. म्हटलं, आता ताई काहीतरी बोलतील. यांनी झबलं खाली ओढलं."

"हो," थोरली म्हणाली. "ते लिहा."

"तू का नाही बोललीस?" कातरणाऱ्याने न राहवून सुनेला विचारलं.

सुनेने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर व्हॅनकडे निघून गेला.

डॉक्टरांना पोलिसांत कळवावं लागलं, तसं त्यांनी कळवलं. सकाळी दोन पोलीस आले. धाकटा त्यांच्याबरोबर चालत गेला, जाताना चपला शोधत होता. एक बाकाखाली सापडली. तो खाली वाकला तेव्हा त्याच्या सदऱ्याचा वास थोरलीला आला आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

*

नऊ दिवस दोघी दवाखान्यात होत्या. मेंढ्यांकडे पलीकडच्या गोठ्यातले लोक बघत होते. कसे बघत होते ते थोरलीने विचारलं नाही. चिमीच्या डोक्याला पट्टी होती, नाकात नळी. डावा हात उघडत नव्हता. किती बघू शकेल, हे आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. सून थोरलीशी कामापुरतं बोलायची. बाटली द्या. बाजूला व्हा.

सातव्या दिवशी नर्सने दोघींना बसवून सांगितलं. जाडजूड बाई होती, बोलताना दुपट्यांच्या घड्या घालत होती. "परत रडायला लागेल, तेव्हा घाबरायचं नाही. सहाव्या-आठव्या आठवड्यात पोरं सगळ्यांत जास्त रडतात, मग आपसूक कमी होतं. पोट, दुपटं, ताप, एवढं बघायचं. रडणं वेगळंच वाटलं, पिणं सुटलं, मलूल झाली, तर सरळ इकडे. आणि यातलं काहीच नसेल, तुमचंच डोकं फिरायला लागलं, तर तिला उताणी गादीवर ठेवायची, दार लोटायचं आणि बाहेर जायचं. दहा मिनिटं. रडण्याने पोर मरत नाही."

"हे आधी कुणी सांगितलं नाही," थोरली म्हणाली.

"सांगतो की. प्रत्येक बाळंतिणीला सांगतो."

सुनेने मान हलवली. तिला सांगितलं होतं.

"आणि बापांना?"

"बाप बाहेर बाकावर असतात," नर्स म्हणाली आणि पुढची घडी घातली.

नवव्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. शेजाऱ्याने लावून दिला असणार. थोरली चिमीच्या खाटेजवळ उभी होती.

"जबाब मागे घे," आई म्हणाली. "नीट दिसलं नाही म्हणावं. उन्हातून आले होते म्हणावं. माझ्याकडे बघ, मला तरी कुठे दिसतं?"

"मला दिसतं."

"एका पोरासाठी भाऊ आत घातलास. पोर काय, होईल दुसरं. भाऊ होणार आहे का दुसरा?"

थोरलीने फोन कानापासून दूर धरला. फोनला तिच्या कानाचा घाम लागला होता. तिने तो साडीला पुसला.

खाटेवर चिमीचं तोंड वाकडं झालं. आधी नुसतं वाकडं. मग त्यातून आवाज आला, घोगरा, नळीमुळे तुटक. मग वाढला. चेहरा लाल झाला, उजवी मूठ आवळली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. वॉर्डातल्या बायकांनी माना वळवल्या.

सुनेने तिला उचललं, दुपटं पाहिलं, कपाळाला गाल लावून पाहिला, पाजून पाहिलं. रडणं थांबेना. सुनेची बोटं आवळू लागली होती. तिने ती आपणच पाहिली. मग वाकून चिमीला उताणी गादीवर ठेवली, खाटेचा कठडा वर लावला आणि कुणाकडेही न बघता व्हरांड्यात निघून गेली.

"कोण रडतंय गं?" फोनमधून आई विचारत होती.

"चिमी."

"मग घे ना तिला. कुणीतरी गप्प करा आधी, मला काही ऐकू येत नाही."

"रडू दे," थोरली म्हणाली आणि फोन बंद केला.

शेजारच्या खाटेवरची बाई अर्धी उठली. "अहो, घेऊ का मी जरा? केवढी रडतेय."

"नको. बसा. तिची आई येईल."

थोरली खाटेपासून हातभर अंतरावर उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे धरून. तिच्या खांद्यांना सवय होती. ते आपोआप पुढे येत होते. चिमी रडत होती. छाती वर-खाली होत होती, रंग चांगला होता. थोरली मोजत राहिली, कोकराचा श्वास मोजावा तशी.

सून परत आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता, केसांच्या कडाही. नळाखाली डोकं धरलं असावं. तिने आधी खाटेकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"तुम्ही हात लावलात का तिला?"

"नाही."

"बरं केलंत," सून म्हणाली. तिने कठडा खाली केला आणि चिमीच्या मानेखाली हळूच हात सरकवला.